चाकण, चिंचवड आणि एक न चाललेला खटला

प्रवासवर्णन लिहावयाचे ते काशी-रामेश्वराचे, काश्मीरचे, गेला बाजार महाबळेश्वराचे तरी, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. पुण्याच्या उंबरठ्यावरील चाकण, चिंचवड आणि पिंपरी या गावांविषयी कोणी लिहू लागला, तर 'तेथे कारखान्यांच्या धुराड्यांखेरीज पाहावयाचे ते काय?' असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आमच्या घरच्या मंडळींनीही हाच प्रश्न आम्हांस केला होता. तथापि दूरचे डोंगर पाहण्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसास पुष्कळदा घराशेजारची टेकडी ठाऊक नसते. म्हणून एका रविवारी वडीलधाऱ्या काकूंपासून शाळकरी पुतण्यापर्यंत सर्वांना बरोबर घेऊन आम्ही या पट्ट्यात एक दिवस घालविला. त्या दिवसात पाहिले ते थोडे. पण त्याने जो विचार मनात उभा केला तो लहान नव्हता. तोच वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले म्हणजे भोसरी मागे पडते, मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडावी लागते आणि सुमारे ३० किलोमीटरांवर चाकण येते. एके काळी हे कांद्याच्या आणि बटाट्याच्या बाजाराचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. बाजार आजही भरतो; पण आता चाकण म्हटले की मोटारी डोळ्यांपुढे येतात. जर्मन, जपानी आणि देशी नावांच्या पाट्या रस्त्याच्या दोहों बाजूंस दिसतात, आणि ज्या माळावर पूर्वी ज्वारी-बाजरी होत असे तेथे आज नव्या गाड्यांच्या रांगा उन्हात चकाकत उभ्या असतात. या सगळ्या गडबडीत चाकणचा जुना भुईकोट, संग्रामदुर्ग, अंग चोरून बसला आहे. थोडी तटबंदी, काही पडके बुरूज आणि खंदकाची खूण, एवढेच आता राहिले आहे.

परंतु या पडक्या भिंतींनी १६६० साली काय पाहिले, हे मराठी घरांतील मुलांना निराळे सांगावयास नको. शाएस्तेखान मोठी फौज घेऊन आला आणि या एवढ्याशा किल्ल्यास त्याने वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी होता. ऐन पावसाळ्यात पन्नासहून अधिक दिवस त्याने किल्ला झुंजविला. अखेर सुरुंग लावून बुरूज उडविल्यावर ऑगस्ट महिन्यात चाकण पडले. खानाने त्यास आपल्याकडे चाकरी देऊ केली आणि ती त्याने नाकारली, असे सांगतात.

तटावर उभे राहून ही हकिगत मुलांना सांगताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. परका मनुष्य शत्रू म्हणून, तोफा घेऊन दारात आला, तर त्याच्याशी कसे वागावे याविषयी कोणाच्या मनात संदेह राहत नाही. फिरंगोजीस धर्मशास्त्र विचारावे लागले नाही. पण तोच परका मनुष्य वैद्य म्हणून आला, हातात औषध आणि तोंडी तुमच्याच कल्याणाची भाषा घेऊन आला, आणि त्या उपायांनीच घरे उद्ध्वस्त होऊ लागली, तर त्याचा न्याय कोणी आणि कोठे करावयाचा? या प्रश्नाचे गाव चाकण नव्हे. ते चिंचवड होय. म्हणून दुपारी आम्ही तिकडे वळलो.

चिंचवड हे पवनेच्या काठचे जुने गाव. मुंबई-पुण्याच्या आगगाडीचा खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ साली सुरू झाला आणि तेव्हापासून हे गाव त्या मार्गावर आहे. परंतु त्याची कीर्ती आगगाडीच्या कितीतरी आधीची. मोरया गोसावींची संजीवन समाधी येथे आहे आणि गणेशभक्तांच्या मनात मोरगाव, थेऊर यांच्याबरोबर चिंचवडचेही नाव येते. 'गणपती बाप्पा मोरया' या घोषातला मोरया तो हाच, असे सर्वत्र मानले जाते. नदीकाठचे ते मंदिर, दगडी पायऱ्या, दर्शनाची रांग आणि दूर्वांच्या जुड्या विकणाऱ्या बायका पाहून काकू प्रसन्न झाल्या. भोवती मोठमोठ्या इमारती झाल्या आहेत, पाण्याची पूर्वीची निर्मळता उरलेली नाही. तरी संध्याकाळच्या आरतीस तेथे उभे राहिले की गाव अजून जिवंत आहे असे वाटते.

मंदिरापासून फार दूर नाही, अशा जागी चापेकरांचा वाडा आहे. आज तेथे त्या बंधूंचे स्मारक आहे आणि जवळच्या चौकात त्यांचे पुतळे उभारलेले आहेत. दामोदर हरी यांचा जन्म १८६९ साली चिंचवडास झाला. बाळकृष्ण आणि वासुदेव हे धाकटे. घराणे मोठे आणि एके काळी सुस्थितीतले. पुढे दिवस फिरले, आणि वडील हरिभाऊंनी कीर्तनावर कुटुंब चालविले. मुले वडिलांच्या मागे उभी राहून साथ करीत गावोगाव हिंडली. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पूर्वजांचे घर थोड्याफार फरकाने असेच होते. म्हणूनच या घरातील तीन मुलगे एकामागून एक फासावर गेले ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या वाड्याच्या अंगणात उभे राहून आठवणे वेगळे.

ते प्रकरण ज्या साथीमुळे घडले तिची हकिगत थोडक्यात अशी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग प्रकटला. गोव्याकडील डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोहोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि ८ मार्च रोजी पुण्याकरिता एक खास प्लेग समिती नेमली. तिचे अध्यक्ष साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड. त्यांच्याबरोबर डरहॅम पलटणीचे मेजर पॅजेट आणि हाँगकाँगच्या साथीचा अनुभव असलेले लष्करी डॉक्टर बेव्हरिज हे होते. लगेच काही दिवसांत ८९३ गोरे-काळे अंमलदार व शिपाई कामावर आले आणि पेठांतून घरोघर झडत्या सुरू झाल्या.

या झडत्यांची आठवण पुण्यातील जुन्या घरांत तीन पिढ्या टिकली. बूट घातलेले सोजीर माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. आजारी माणूस सापडला तर त्यास इस्पितळात आणि बाकीच्यांस छावणीत नेत. अंथरुणे-पांघरुणे जाळीत, जमीन उकरीत, भिंती धुऊन काढीत. स्त्रीपुरुषांस उघड्यावर उभे करून गाठी तपासतात, चीजवस्तू नाहीशा होतात, आजार नसलेल्यांसही ओढून नेतात, अशा तक्रारी वाढत गेल्या. ज्या घरात सोवळ्याचे पाणीही दुसऱ्याच्या सावलीपासून जपले जाई त्या घरावर हा काय प्रसंग असेल, याची कल्पना आजच्या तरुण वाचकांस यावयाची नाही. आणि केवळ सोवळ्याचाच तो प्रश्न नव्हता. पंडिता रमाबाई या सोवळेओवळे कधीच सोडलेल्या, ख्रिस्ती झालेल्या विदुषी. पण आपल्या आश्रमातील एका मुलीस प्लेगच्या इस्पितळात नेल्यावर तेथे जे घडले त्याविरुद्ध त्यांनीही मुंबईच्या एका पत्रातून उघड लिहिले.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे एकतर्फी होईल. साथ खरी होती आणि माणसे खरोखरच मरत होती. घरातील आजारी लपविण्याची चाल खरी होती. काहीही न करता सरकार स्वस्थ बसले असते, तर त्यालाही आपण दोषच दिला असता. लोकमान्य टिळकांनीही उपायांची गरज नाकारली नव्हती. गाव सोडून न जाता त्यांनी हिंदूंकरिता प्लेगचे निराळे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. त्यांचा रोख उपायांवर नसून ते करण्याच्या रीतीवर होता. याच साथीत, झडत्या सुरू होण्याच्या थोडेच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले वारल्या. पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना त्यांना प्लेगची बाधा झाली होती. म्हणजे दुसऱ्याच्या घरी औषध घेऊन जाण्याचे दोन मार्ग त्या एकाच महिन्यात पुण्याने पाहिले.

शिवाय शास्त्राची गोष्ट अशी की, त्या वेळी रोगाचे जंतू ठाऊक होते, पण तो पसरतो कसा हे ठाऊक नव्हते. येर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगला जंतू शोधला होता. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस प्रयोगाने दाखविले ते १८९८ साली. तेही शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षे मानले नाही. तेव्हा १८९७ चे अधिकारी माणसांना उचलून नेत होते, पेट्या-पेटारे जाळीत होते, आणि खरा वाहक भिंतीच्या बिळात सुखरूप होता. मे महिन्याअखेर साथ ओसरली, आणि पावसाळ्यात ती परत आली. पुढे सरकारनेही सक्तीचा जोर कमी करून लस आणि मोकळ्या माळावर राहावयास जाणे यांवर भर दिला. 'प्लेगात रानात झोपड्या बांधून राहिलो,' ही जी आठवण आपल्या आजी-पणजींच्या तोंडी असे ती या दुसऱ्या पर्वाची.

वाड्यात ही सर्व हकिगत चालली असता आमच्या पुतण्याने मध्येच विचारले, "पण काका, रँडवर खटला का नाही भरला? चापेकरांवर भरला, टिळकांवर भरला. मग त्याच्यावर का नाही?" प्रश्न पोराचा, पण आम्ही क्षणभर गप्प झालो. कारण त्याचे उत्तर त्या कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. या कायद्यान्वये केलेल्या, अथवा सद्‌हेतूने करावयाच्या ठरविलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणाही मनुष्यावर दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही, असा त्या कलमाचा आशय आहे. कायदा चार कलमांचा आणि त्यातले एक संपूर्ण कलम या कुलपाचे! उपाय करणाराचा हेतू चांगला म्हटला की उपायाने झालेल्या हानीचा प्रश्नच मिटला.

मग तक्रारी कोणी तपासल्या? त्या समितीनेच तपासल्या. आपल्या अहवालात तिने समाधानाने नमूद केले की, स्त्रियांची अब्रू हेतुपुरस्सर घेतल्याची विश्वसनीय अशी एकही तक्रार आपल्यापर्यंत आली नाही. ज्याच्यावर आरोप त्यानेच निकालपत्र लिहावे, असा हा प्रकार झाला. नामदार गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथील वर्तमानपत्रात अत्याचारांची वाच्यता केली. परत येतात तो साक्षीदार पुढे यावयास तयार नाहीत. घरच्या बाईची विटंबना कोर्टात कोण सांगणार? गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुरावा नाही म्हणून गुन्हा झालाच नाही असे ठरले. पण ज्या समाजात अब्रूची वाच्यता हीच दुसरी बेअब्रू समजली जाते त्या समाजात पुरावा मिळावा कसा, हे कोणी विचारले नाही. हा दोष केवळ सरकारचा नाही. आपल्या घरांचाही त्यात वाटा आहे, हे आमच्या वाचक भगिनींस आम्ही निराळे सांगण्याची गरज नाही.

परक्या मुलुखात जाऊन तेथील लोकांचे जीवित उलथेपालथे करणाऱ्या धाडसी पुरुषांस न्यायासनापुढे उभे करण्याचे प्रसंग जगाच्या इतिहासात अगदी नाहीत असे नाही. नव्या जगाचा शोध लावणारा कोलंबस हा हिस्पानिओला बेटाचा कारभारी असताना त्याच्या क्रूर अंमलाविषयी तक्रारी गेल्या. चौकशीसाठी आलेल्या बोबादिया याने १५०० साली त्याला बेड्या घालून स्पेनला पाठविले. पण राजाराणीने थोड्याच आठवड्यांत त्याला मुक्त केले. अधिकार मात्र गेला. आपल्याकडील वॉरन हेस्टिंग्जवर विलायतेत १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे महाभियोग चालला आणि अखेर तो निर्दोष सुटला. म्हणजे खटले झाले ते बड्यांचे, आणि ते परिणामशून्य. तरीपण एवढे तरी झाले की, आरोप उघड वाचले गेले, साक्षी झाल्या, आणि राज्यकर्त्यास उत्तर द्यावे लागते ही कल्पना लोकांसमोर उभी राहिली. पुण्याच्या वाट्यास तेवढेही आले नाही.

पुण्यात खटले झाले ते दुसऱ्यांवर. २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये होती. ती आटोपून परतताना रात्री रँडवर दामोदरपंतांनी गोळी झाडली, आणि मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णांनी. आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैस. त्यानंतर पुण्यावर जादा पोलीस बसले आणि त्यांचा खर्च गावावरच लादला गेला. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालविता, अटकेत ठेवले. केसरीतील लेखांबद्दल टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोषी म्हटले, आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी गेले. त्यांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना १८९९ च्या फेब्रुवारीत वासुदेव आणि महादेव रानडे यांनी ठार केले. त्या मे महिन्यात ८ तारखेस वासुदेव, १० तारखेस रानडे आणि १२ तारखेस बाळकृष्ण असे तिघे फासावर चढले.

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावी. ज्याने लिहिले तो तुरुंगात, ज्याने बोलून दाखविले त्याची माफी, ज्यांनी बंदूक उचलली ते फासावर, ज्यांनी काहीच केले नाही त्या गावावर दंड. केवळ ज्या कारभारातून हे सर्व उद्भवले त्याच्याविषयी एकही प्रश्न कोणत्या कोर्टात विचारला गेला नाही.

चापेकरांचे स्मरण करताना डोळे पाणावतात. तरी विवेकाने एवढे म्हटलेच पाहिजे की, त्यांनी दिला तो न्याय नव्हता. आयर्स्टला मारण्याचा त्यांचा बेत नव्हता, आणि तो मेला. तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात दामोदरपंतांनी जो संताप ओतला आहे तो इंग्रजांइतकाच आपल्यातील सुधारकांवरही आहे. गोळीला साक्ष घेता येत नाही, उलटतपासणी करता येत नाही आणि चूक दुरुस्तही करता येत नाही. पण जेव्हा न्यायाचा पुढचा दरवाजा कायद्यानेच बंद केलेला असतो तेव्हा संताप मागच्या दाराने बाहेर पडतो, हे चिंचवडच्या या घराने आपल्या तीन मुलांची किंमत देऊन दाखविले. तो दरवाजा उघडा असता तर कदाचित रँडही वाचला असता, आणि हा वाडाही नांदता राहिला असता.

खटला भरला की न्याय झालाच, असे मात्र कोणी समजू नये. त्याच प्लेगच्या इतिहासात याची उलट बाजूही आहे. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन १८९६ साली मुंबईस प्लेगवरील लस शोधण्यास लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुण्यात झडत्या सुरू होण्यापूर्वीची ही गोष्ट. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी उपाय स्वतःवर करून पाहणारा हा मनुष्य! पुढे १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते सर्व दगावले. चौकशी बसली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे प्रमुख होते. लस प्रयोगशाळेतच दूषित झाली असा ठपका आला आणि हाफकिनना आपल्या जागेवरून दूर व्हावे लागले.

खरा प्रकार निराळा होता. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. शिवाय दोष प्रयोगशाळेत असता तर जंतू इतके दिवस बाटलीत वाढून तिला दुर्गंधी आली असती; तशी ती आली नव्हती. हाफकिन इंग्रज नव्हते, डॉक्टरकीचे पदवीधर नव्हते, आणि धर्माने ज्यू होते. त्यांची बाजू घेण्यास सरकारी खात्यात फारसे कोणी नव्हते. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी विलायतेत जाहीर पत्रे लिहिली तेव्हा कोठे १९०७ साली त्यांच्यावरील कलंक पुसला गेला. परळच्या ज्या प्रयोगशाळेवर ठपका आला होता तिलाच १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

दोन्ही हकिगती शेजारी ठेवल्या म्हणजे काय दिसते? एकाच्या कृत्यांची चौकशी झाली नाही, कारण तो सत्तेच्या आत होता. दुसऱ्याची झाली आणि ती चुकली, कारण तो बाहेरचा होता. पण चुकलेली चौकशी दुरुस्त करता आली, कारण कागद होते, साक्षी होत्या, आक्षेप घेता येत होते. न झालेली चौकशी आज सव्वाशे वर्षांनीही दुरुस्त करता येत नाही. चुकणाऱ्या न्यायापेक्षाही बंद ठेवलेला न्याय अधिक घातक, हा आमच्या मते या दोन गोष्टींचा अर्थ आहे.

चिंचवडहून परतताना वाटेत पिंपरी लागते. येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. आसपासचे लोक त्याला 'एच. ए.' याच नावाने ओळखतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने १९५४ साली ही कंपनी काढली आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि येथील शास्त्रज्ञांनी हमायसिन हे नवे औषधही शोधून काढले. यांपैकी स्ट्रेप्टोमायसिन हे प्लेगवरील गुणकारी औषध होय. चापेकरांच्या वाड्यापासून थोड्याच मैलांवर, अर्धशतकाच्या आसपास, त्या रोगाचे औषध करण्याची सोय व्हावी, हा काळाचा केवढा फेरा! झडतीच्या बुटांनी जे साधले नाही ते पुढे या पांढऱ्या भुकटीने साधले. कंपनीने पुढे चांगले-वाईट दिवस पाहिले. परंतु परदेशी पाहुण्याच्या हातून औषध घेण्याऐवजी ते स्वतः करण्याची उमेद ज्या जागी रुजली ती जागा म्हणून पिंपरी पाहण्याजोगी आहे.

मात्र येथेच आमच्या विचाराला शेवटचे वळण मिळाले. औषध आपले झाले, अधिकारी आपले झाले. म्हणून हा प्रश्न सुटला काय? २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ याच पुणे-पिंपरीच्या परिसरातून महाराष्ट्रात प्रकटली, तेव्हा सरकारने जो कायदा बाहेर काढला तो १८९७ चाच. या वेळी घरोघर आले ते सोजीर नव्हते. आपल्याच महानगरपालिकांचे कर्मचारी, आशाताई, परिचारिका आणि डॉक्टर होते, आणि त्यांतील कित्येकांनी सावित्रीबाईंप्रमाणे आपला जीव धोक्यात घातला. त्यांच्यावर हात उगारणाऱ्यांस शिक्षा व्हावी म्हणून त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला, हे योग्यच झाले. पण ते जुने चौथे कलम जागच्या जागी राहिले. हातावर पोट असलेली जी कुटुंबे त्या टाळेबंदीत चाकण-भोसरीच्या खोल्या सोडून पायी गावाकडे निघाली, त्यांच्या हालअपेष्टांचा जाब त्यांनी कोणास विचारावा? उपाय आवश्यक असेलही. तरी त्याच्या परिणामांचा हिशेब मांडणे हे त्या आवश्यकतेचेच अंग नव्हे काय?

गणेशखिंडीतील ज्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये त्या रात्री मेजवानी झाली तेथे आज पुणे विद्यापीठ आहे, आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. इतिहासाने आपल्या पद्धतीने हा निकाल दिला असे कोणी म्हणेल. तो निकाल गोड आहे. पण तो त्या घरांतील माणसांच्या हयातीत आला नाही, आणि नाव बदलल्याने साक्ष नोंदली जात नाही.

हा प्रश्न केवळ सरकारचा आणि शास्त्रज्ञांचा आहे असे मात्र आमच्या वाचकांनी समजू नये. आपल्या एकत्र कुटुंबांतही वडीलधारी माणसे सुनांच्या, मुलांच्या, विधवा बहिणींच्या आयुष्यात हात घालतात तो त्यांच्या भल्यासाठीच. कोणाची शाळा बंद होते, कोणाचे लग्न ठरते, कोणाचे मोडते. हेतू शुद्ध असतो, यात संशय नाही. पण घरातील चौथे कलमही तेच असते: 'तुझ्या भल्यासाठीच केले,' हे वाक्य उच्चारले की पुढचा सर्व पुकारा बंद. ज्याच्यावर उपाय झाला त्याला 'मला हे लागले' असे निर्भयपणे म्हणता यावे, आणि उपाय करणाराने ते बसून ऐकावे, एवढी सोय ज्या घरात आहे तेथे बंडखोर मुले निपजली तरी त्यांना बंदूक उचलावी लागत नाही.

चाकणला तट आहे, चिंचवडला समाधी आणि वाडा आहे, पिंपरीला औषधाचा कारखाना आहे. सर्व मिळून एका दिवसात सहज पाहून होते. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन वाचकांनी अवश्य जावे. आणि वाड्यात गेल्यावर मुलांनी काही विचारले, तर त्यांना गप्प मात्र करू नये.